समोरच्यांना परवडतं कसं?

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की समोरच्या घरात दोघांचे मिळून ६७ हजार येतात, तरी दारात साडेअकरा लाखांची गाडी, हातात ६० हजारांचा फोन आणि मे महिन्यात बँकॉक, हे जमतं कसं? वर म्हणालात, "आमचंच काहीतरी हिशेबात चुकलं." आई मागून म्हणाली, वरकमाई असणार. ते शेवटचं वाक्य मला फार लागलं, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते आहे. कर्जाचे अर्ज तपासणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे एवढं खात्रीने सांगते की या आकड्यांसाठी वरकमाईची गरज नाही. त्यांच्या घरचे कागद मी पाहिलेले नाहीत. तुम्ही सांगितलेल्या किमतींना बाजारातले चालू दर लावून हिशेब मांडते.

आधी गाडी. ऑन-रोड साडेअकरा लाख म्हणजे शोरूमची किंमत साधारण १० लाख, बाकी रोड टॅक्स, विमा, नोंदणी. वरचे दीड लाख भरले की उरलेल्या १० लाखांचं कर्ज मिळतं. साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर महिना २१,००२ रुपये हप्ता. तेच ७ वर्षांचं केलं की हप्ता येतो १६,३४४. शोरूममधला सेल्समन सगळा खेळ याच साडेचार हजारांवर करतो. किमतीबद्दल तो बोलतच नाही, "महिन्याला किती झेपेल?" एवढंच विचारतो आणि उत्तराच्या मापाने वर्षं वाढवतो. ५ वर्षांत २ लाख ६० हजार व्याज जातं, ७ वर्षांत ३ लाख ७३ हजार.

खरी गोम पुढे आहे. विम्यासाठी गाडीची किंमत धरताना घसारा, म्हणजे वयाप्रमाणे किमतीतली घट, ठरलेला असतो: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दर वर्षी वाढत २०, ३०, ४०, आणि चार वर्षं उलटली की ५०. म्हणजे १० लाखांची गाडी चार वर्षांनी ५ लाखांची धरली जाते. सात वर्षांच्या कर्जात चार वर्षं एकही हप्ता न चुकवता भरल्यावर बाकी किती राहते? ५ लाख १० हजार. त्या दिवशी गाडी विमा कंपनीच्या हिशेबाने विकली तरी कर्ज फिटत नाही, खिशातून दहा हजार घालावे लागतात. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तरी तेच. म्हणून अडचण आली की "गाडी विकून टाकू" हा मार्ग बहुतेकांना कागदावरच मोकळा असतो. आरसीवर कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव असतंच. ते काढायला कर्ज फेडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे जावं लागतं.

फोनचं सोपं आहे. ६० हजारांचा फोन, १२ महिने ५ हजार, ‘नो कॉस्ट ईएमआय’. आई, तू विचारशील, व्याजच नाही मग बिघडलं काय? व्याज असतंच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते दुसऱ्या नावाखाली लपवलेलं असतं. क्रेडिट कार्डवर हे असं चालतं: १५ टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज साधारण ४,६०० रुपये. तेवढी सूट बिलात आधीच देतात, म्हणजे कर्ज होतं ५५,४०० चं, आणि बँक त्यावर व्याज लावून ६० हजार वसूल करते. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, सुमारे ८३० रुपये, आपल्या खिशातून. शिवाय प्रोसेसिंग फी. आणि रोख देणाऱ्याला दुकानदार जी सूट देतो ती इथे मिळत नाही. रक्कम मोठी नाही हे मला मान्य आहे. फोन बुडवत नाही कुणाला. ५ हजारांची एक जागा वर्षभर अडवून ठेवतो, आणि वर्ष संपता संपता नवं मॉडेल येतं.

बँकॉकचंही तसंच. नोव्हेंबर २०२३ पासून थायलंडने भारतीयांना व्हिसा माफ केला आणि ही सहल एकदम आवाक्यात आल्यासारखी झाली. तिघांचे दीड लाख धरा. पर्सनल लोन १६ टक्क्यांनी, २४ महिने, हप्ता ७,३४४. चार-पाच दिवसांच्या सहलीचे पैसे पुढच्या दोन मे महिन्यांपर्यंत फिटत राहतात.

आता बेरीज करा, बाबा. १६,३४४ अधिक ५,००० अधिक ७,३४४, म्हणजे २८,६८८. उत्पन्नाच्या जवळपास ४३ टक्के. बँका साधारणपणे ४० ते ५० टक्क्यांपर्यंत हप्ते चालवून घेतात, म्हणून अर्ज मंजूर होतो, कुणी खोटं बोललेलं नसतं आणि कुणाचे नियमही मोडलेले नसतात. उरले ३८,३००. पेट्रोलचे साधारण ७ हजार, विमा-सर्व्हिसिंग-पार्किंग मिळून महिन्याला ४ हजार. किराणा, दूध, भाजी १३ हजार. लाइट, गॅस, मोबाइल, सोसायटी साडेचार. मुलाची शाळा आणि बस साडेसहा. हातात उरतात ३,३०० रुपये.

म्हणजे परवडतं. पण ज्याला आपण परवडणं म्हणतो, महिन्याअखेर काहीतरी बाजूला पडणं, ते यात नाही. सगळा पगार येण्याआधीच वाटून गेलेला आहे.

आणि यात एक मोठा खर्च मी धरलेलाच नाही: घर. समोरचा फ्लॅट त्यांच्या वडिलांचा, कर्ज कधीच फिटलेला. हेच जोडपं ठाण्यात २५ हजार भाडं भरत असतं तर या सगळ्यातलं काहीच झालं नसतं. पगार विचारल्यावर माणूस पगार सांगतो, डोक्यावरचं छप्पर फुकट आहे हे सांगायचं त्याच्याही मनात येत नाही. दादर-गिरगावात पागडीच्या खोलीत राहणारी कुटुंबं आजही महिन्याला काहीशे रुपये भाडं भरतात. तिथल्या ४० हजारांच्या पगारात आणि कल्याणला नवा फ्लॅट कर्जाने घेतलेल्याच्या ४० हजारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जुनी इमारत पुनर्विकासाला गेली की मोठी जागा मिळते, बांधकाम चालू असेपर्यंत बिल्डर भाडं देतो, वर कॉर्पस म्हणून एकरकमी पैसे. हिंजवडी-वाकडला ज्यांच्या शेतात आयटी पार्क उभे राहिले, नवी मुंबईत ज्यांना सिडकोच्या साडेबारा टक्के योजनेतून भूखंड मिळाले, समृद्धी महामार्गात ज्यांची जमीन गेली, त्यांच्यातलाही कुणी वीस हजारांची नोकरी करतो आणि मोठी गाडी चालवतो. ते पैसे खरे आहेत. त्यातले काही दहा वर्षांत गाड्या-लग्नांत संपतात, काही जण गाळे घेऊन भाड्यावर बसतात. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात.

काही जण खरोखर हुशारीने जगतात, तेही सांगायला हवं. चार-पाच वर्षं जुनी, एकाच मालकाने वापरलेली गाडी निम्म्या किमतीत घ्यायची, घसाऱ्याचा मोठा घास पहिल्या मालकाने गिळलेला असतो. फोन एक पिढी जुना. लग्नाची पैठणी-शेरवानी भाड्याने. सोनाराकडची भिशी अकरा महिने. अशा माणसाची राहणी पाहून मला कधी काळजी वाटत नाही.

काळजी वाटते ती ३,३०० रुपयांवर उभ्या असलेल्या घराची. कारण हे घर पडतं ते उधळपट्टीने पडत नाही, एका आजारपणाने पडतं. समजा हॉस्पिटलचं बिल ५० हजारांनी विम्याच्या वर गेलं आणि ते कार्डवर टाकलं. कार्डचं बिल येतं त्यात ठळक अक्षरांत ‘मिनिमम ड्यू’ असतं, साधारण ५ टक्के, म्हणजे २,५००. तेवढं भरलं की दंड नाही, फोन नाही, सगळं ठीक वाटतं. पण साडेतीन टक्के महिना दराने व्याज १,७५०, त्यावर जीएसटी ३१५. भरलेल्या २,५०० पैकी मुद्दल फिटलं ४३५ रुपये! आणि बाकी ठेवली की ४५-५० दिवसांची बिनव्याजी मुदतही जाते, त्यानंतर कार्डवर घेतलेल्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज.

मग पगार सातला आणि हप्ता पाचला, असा दोन दिवसांचा घोळ पुरतो. हप्ता परत जातो, आपली बँक दंड लावते, कर्ज देणारी संस्थाही लावते. सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीचा स्कोअर, उतरतो. स्कोअर उतरला की पुढचं कर्ज महाग, म्हणून दागिने काढले जातात. सोनेतारण साधारणपणे वर्षाच्या मुदतीचं, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत (लहान रकमांना आता थोडं जास्त). वर्षाने नुसतं व्याज भरून नूतनीकरण करायचं, पुन्हा वर्षाने पुन्हा. मुद्दल तसंच राहतं. आई, सणाला दागिने न घालणाऱ्या बाईला कधी कारण विचारू नकोस.

हे एकट्या-दुकट्याचं नाही. २०२२-२३ मध्ये देशातल्या कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत जीडीपीच्या ५ टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतली सर्वांत कमी. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने पर्सनल लोन आणि क्रेडिट कार्डांसाठी बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं ते अशी विनातारण कर्जं फार वेगाने वाढत होती म्हणून.

बाबा, तुमच्या हिशेबात काहीही चुकलेलं नाही. तुम्ही घर घेतलंत तेव्हा गृहकर्जाचं व्याज पंधरा टक्क्यांच्या आसपास होतं, आणि ते वेळेआधी फेडलंत. त्यांच्या दारात गाडी दिसते. तुमचं फिटलेलं घर आणि बँकेतली ठेव रस्त्यावरून दिसत नाही, एवढाच फरक आहे.

आता ज्यासाठी हे पत्र घाईने पाठवते आहे ते. भाच्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहण्याबद्दल तुम्ही बोललात. तो चांगला मुलगा आहे, पण सही करण्याआधी चार कागद मागा. त्याचा क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चौघांकडून वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, तेव्हा "खर्च येतो" ही सबब चालणार नाही. त्यात चालू कर्जांची संख्या बघा आणि गेल्या सहा महिन्यांत किती ठिकाणी अर्ज केले तेही बघा. चार-पाच असतील तर तो अडचणीत आहे. दुसरं, पगाराच्या खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. त्यात ‘रिटर्न’ लिहिलेली नोंद शोधा, म्हणजे हप्ता परत गेलेला. तिसरं, कर्जाचं मंजुरीपत्र. व्याज ‘फ्लॅट’ लिहिलं असेल तर सावध व्हा: १ लाखावर १२ टक्के फ्लॅट, ३ वर्षं, म्हणजे हप्ता ३,७७८, आणि घटत्या शिलकीवर तो दर पडतो २१ टक्क्यांच्या वर.

चौथा जामीनपत्राचा मसुदा, आणि तो मला फोटो काढून पाठवा. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी त्याच्याकडून वसूल करा मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. सहकारी पतसंस्थेला तर महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून थेट वसुली दाखला मिळतो, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जावं लागत नाही. मसुद्यात ‘निरंतर हमी’ किंवा ‘कंटिन्युइंग गॅरंटी’ हे शब्द असले तर त्याच्या पुढच्या कर्जांनाही तुमचीच सही लागू होऊ शकते. तसे शब्द असतील तर सही नको. नाही म्हणणं जड जात असेल तर माझं नाव सांगा, मुलगी नको म्हणते म्हणा.

त्याला खरंच मदत करायची असेल तर जमेल तेवढी रक्कम, परत येणार नाही असं धरून, हातात द्या. पन्नास हजार दिलेत तर नुकसान जास्तीत जास्त पन्नास हजारांचं. मात्र दवाखान्यासाठी ठेवलेली एफडी त्यासाठी मोडू नका.

सोसायटीची मीटिंग रविवारी आहे ना? आटोपली की फोन करा, तोवर भाच्याला काही कबूल करू नका. आई, गुडघ्याचं तेल या आठवड्याच्या पार्सलमध्ये टाकलं आहे.

तुमची,
सुमा