गुडघा टेकला, तो अपमान कसा?

संपादक महोदय,

राष्ट्रगीत सुरू असताना खेळाडूने निषेध केला, की ‘अपमान, अपमान’ अशी ओरड लगेच होते. अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकचेच पाहा. कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचारांच्या निषेधार्थ २०१६ मध्ये तो अमेरिकेच्या राष्ट्रगीतावेळी आधी बाकावर बसून राहिला. ते मलाही खटकले असते. पण नेट बॉयर या माजी सैनिकाशी बोलल्यावर त्याने बसणे सोडले आणि गुडघा टेकला. शहीद साथीदाराच्या थडग्यापुढे सैनिक टेकतात तसा. इतका विचार करून केलेल्या कृतीला उर्मटपणा कसे म्हणायचे? त्या हंगामानंतर मात्र एकाही संघाने त्याला घेतले नाही.

१९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदक स्वीकारताना, राष्ट्रगीत सुरू असताना, वर्णभेदाच्या निषेधार्थ काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली (जोडी एकच, म्हणून एकाचा उजवा हात वर, दुसऱ्याचा डावा!) आणि दोघांची संघातून हकालपट्टी झाली. शेजारी उभ्या गोऱ्या ऑस्ट्रेलियन धावपटू पीटर नॉर्मनने तर त्यांना पाठिंबा म्हणून नुसता छातीवर मानवी हक्कांचा बिल्ला लावला होता. २००६ मध्ये त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला हे दोघे अमेरिकेहून गेले. मायदेशात त्याला मिळालेल्या वागणुकीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या संसदेला त्याची माफी मागायला २०१२ उजाडले.

– एक वाचक, सांगली