खुले पत्र: आधी भागाकार नीट करा, मग शहरांची क्रमवारी लावा

मा. गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सप्रेम नमस्कार.

एनसीआरबीचा, म्हणजे देशभरचे गुन्हे मोजणाऱ्या केंद्राच्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा, २०२३ सालचा अहवाल २०२५ सरत आल्यावर हाती पडला. आकडे शिळे, पण त्यावरून मुंबई, पुणे, नागपूरची क्रमवारी लागली आणि आम्हा नागपूरकरांच्या कपाळी 'क्राइम कॅपिटल'चा शिक्का पुन्हा बसला. विरोधात असणारा तो मारतो, सत्तेत असणारा दुसरा तक्ता फडकावून पुसतो. पक्ष बदलले की भूमिकाही बदलतात, एवढे आम्हाला आता पाठ झाले आहे.

गुन्हेदर म्हणजे नोंदलेले गुन्हे भागिले लोकसंख्या, गुणिले एक लाख. त्यातली शहरांची लोकसंख्या अजून २०११ची, कारण २०२१ची जनगणना झालीच नाही. मुंबईसाठी १८४.१ लाख धरतात, म्हणजे ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबईसह सगळे नागरी संकुल. बृहन्मुंबई महापालिकेची लोकसंख्या १२४.४ लाख. आता भागाकारात वर कोणत्या हद्दीचे गुन्हे घेतले, ते सांगा. केवळ मुंबई पोलीस आयुक्तालयाचे असतील, तर १०,००० गुन्ह्यांचा दर १८४.१ने भागून ५४ येतो आणि १२४.४ने भागला की ८०. एकही चोर न पकडता मुंबई एवढी सुरक्षित होते! पुण्याच्या ५०.५ लाखांत पिंपरी-चिंचवड धरलेले आहे, पण १५ ऑगस्ट २०१८ पासून तिथे आयुक्तालय वेगळे. नागपूरला असा शेजार नाही. २५ लाख आणि त्यातलेच गुन्हे. नाशिक, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर तर किमान २० लाख लोकसंख्येच्या अटीमुळे महानगरांच्या तक्त्यातच नाहीत.

खून लपवणे कठीण, म्हणून तुलनेला तोच आकडा त्यातल्या त्यात बरा. पण तिथेही २५ खून जास्त झाले की नागपूरचा दर एका अंकाने वाढतो. मुंबईचा तेवढाच वाढायला १८४ लागतात. एका वर्षाच्या आकड्यावर बोंब मारणाऱ्यांनी निदान पाच वर्षांची सरासरी काढावी.

चोऱ्यांचे तर विचारूच नका. लोकलच्या दारात फटका मारून मोबाइल नेला, तर गुन्हा लोहमार्ग (रेल्वे) पोलिसांकडे; शहर पोलिसांच्या खात्यावर त्याचा ओरखडाही नाही. बाजारात खिशातून गेला, तर ठाणे अंमलदार विचारतो, "चोरताना पाहिलंत का?" नाही म्हटले की 'गहाळ' असा दाखला मिळतो. विम्यासाठी, सिमकार्डासाठी तो चालतो, म्हणून माणूस निमूट घेऊन जातो. चोरी झाली, गुन्हा झाला नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून पाच हजारांखालची चोरी अदखलपात्र, म्हणजे एफआयआर न होता नुसती नोंद, आणि हिसकावून नेणे नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा. त्यामुळे २०२३ आणि २०२५च्या चोऱ्या शेजारी ठेवून 'घट' दाखवणार असाल, तर जरा जपून.

एका एफआयआरमध्ये चार कलमे लागली तरी मोजणीत सर्वांत गंभीर तेवढेच धरतात. उलट दारूबंदी आणि जुगाराचे गुन्हे पोलीस स्वतः धाड घालतात तेव्हाच नोंदले जातात. जो निरीक्षक काम करतो त्याच्या ठाण्याचा आलेख चढतो आणि क्राइम मीटिंगमध्ये उभा करतात त्यालाच. शेजारच्या ठाण्यात तक्रारी गुन्हा न नोंदता 'अर्ज चौकशी'त कुजत पडतात, तिथे शाबासकी. मग कोणता शहाणा अधिकारी गुन्हा दाखल करील? 'नोंदणी वाढणे म्हणजे गुन्हेगारी वाढणे नव्हे' असे एनसीआरबी स्वतःच्याच अहवालात बजावते. ते पान मंत्रालयात पोहोचत नसावे. बदल्यांच्या याद्या बरोबर पोहोचतात.

मागणे फार नाही. प्रत्येक दराशेजारी हद्द आणि धरलेली लोकसंख्या छापा. ठाणेनिहाय आकडे दर महिन्याला द्या, लोहमार्गाचे शेजारच्या रकान्यात. गहाळ दाखले, अदखलपात्र नोंदी आणि प्रलंबित अर्ज यांची संख्याही त्याच तक्त्यात हवी. आणि एकदा तरी घरोघरी जाऊन विचारा, गेल्या वर्षात तुमचे काही चोरीला गेले का, तक्रार दिली का, घेतली का. पोलीस ठाण्याबाहेरचा आकडा या राज्याने कधी तरी पाहावा.

उत्तर देताना 'योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे' हे वाक्य कृपया वगळावे.

आपला,
एक नागपूरकर करदाता