राजवाड्याला पस्तीस मिनिटं, साड्यांना दीड तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला तंजावरच्या राजवाड्यावरचा लेख वाचला. ‘प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी जावे’ म्हणे. जावं हो, पण तिथं थांबू कोण देतं?

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं एका नावाजलेल्या यात्रा कंपनीबरोबर गेलो होतो. (नाव लिहीत नाही. तुमच्याच पानांवर त्यांची जाहिरात असते, तेव्हा पत्र छापून यायचं नाही.) राजवाड्यासाठी मिळाली पस्तीस मिनिटं, त्यातली दहा तिकिटात गेली. गाईडनं दरबारात उभं करून संभाजीराजे आणि सांबाराची दंतकथा ऐकवली, सगळे हसले, फोटो झाले. वाडा मुळात नायक राजांचा, भोसल्यांनी तो वाढवला, १८५५ पर्यंत इथं त्यांची गादी होती, यातलं अवाक्षर नाही. त्या भोसल्यांपैकीच सरफोजीराजांच्या संगमरवरी पुतळ्यापुढे कुणीतरी विचारलं, ‘हे शिवाजी महाराजांचे कोण?’ उत्तर मिळालं, ‘फॅमिली.’

निवृत्तीनंतर दोन वर्षं क्लासला जाऊन मी मोडी शिकलो, ते याच दिवसासाठी. सरस्वती महाल ग्रंथालयाच्या छोट्याशा संग्रहालयात काचेखाली एक मोडी कागद दिसला. चष्मा पुसून पहिली ओळ लावत होतो, ‘राजश्री’पर्यंत आलो, तोच मागून शिट्टी. ‘काका, चला, साडीचं दुकान बंद होईल!’ दुकान बंद झालं नाही. तिथं दीड तास बसलो. सौ.नी दोन साड्या घेतल्या, तो विषय वेगळा.

संध्याकाळी बृहदीश्वराला गेलो. नंदीसमोर ग्रुप फोटो झाला. सरफोजीराजांनी त्याच देवळाच्या आवारात १८०३ साली भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतलाय, हे मला घरी परतल्यावर कळलं. आम्ही त्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर पॉपकॉर्न खात होतो.

जाता जाता आणखी एक. लेखासोबत छापलेला फोटो तंजावरचा नाही, म्हैसूरचा आहे. ते घुमट, ते हजारो दिवे म्हणजे वडियारांचा १९१२ साली पुरा झालेला राजवाडा. आमचे शेजारी तो फोटो बघून तंजावरला रविवारची रोषणाई पाहायला निघालेत. तिकिटंही काढली आहेत. त्यांना आता तुम्हीच काय ते समजवा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा