तुझो पगार देता तरी कोण?

नॉर्विच, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्र पोचायला वेळ लागेल, पण फोनवर हे जमत नाही. रेंजसाठी बाबा अंगणात येतात, तोवर आई मध्येच जेवणाचं विचारते, मागून आजी काहीतरी बोलते आणि मुद्दा राहूनच जातो. आजीला तसंही पत्र वाचून दाखवलेलंच आवडतं. तेव्हा बाबा, चष्मा लावून सावकाश वाचा. शेवटचं पान मात्र आधी एकट्याने वाचा.

मी अगदी बरी आहे. खोकला केव्हाच गेला. व्हिडिओवर बारीक दिसते ती फोनमुळे. वजन उलट वाढलंय. भात रोज होतो. कोकम संपलेलं नाही, तेव्हा लगेच पार्सल करू नका. आणि आई, रात्री एकटीने येते म्हणजे काही रानातून येत नाही. सायकलचा वेगळा रस्ता आहे, त्याला दिवे आहेत, आणि इथल्या उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेडच असतो.

आता बाबांचा प्रश्न. "तुझो पगार देता तरी कोण? सरकार की कंपनी?" पेपरात वाचलंत की विलायतेत विद्यापीठं माणसं कमी करतायत, आणि तेव्हापासून तुमची झोप उडालीय हे मनूने सांगितलं. म्हणून नीट लिहिते.

मी जिथे काम करते त्या जॉन इनस सेंटर या वनस्पती-संशोधन संस्थेच्या नावातला जॉन इनस शास्त्रज्ञ नव्हता. बिल्डर होता. हो, बिल्डरच! तुमचा चेहरा दिसतोय मला. लंडनच्या भर व्यापारी भागात कचेऱ्यांच्या इमारती बांधून भाड्याने देणारी कंपनी त्याने आणि त्याच्या भावाने काढली होती. त्या पैशातून त्याने लंडनच्या दक्षिणेला मर्टन गावातली शेतजमीन घेतली आणि तिथे वसाहत उठवली. पण वसवली ती झाडं लावून. रुंद रस्ते, दुतर्फा झाडं आणि घरांना हॉली नावाच्या काटेरी झुडपाची कुंपणं. ती कुंपणं तिथे अजून आहेत. गडी अविवाहित राहिला (आई, हे वाक्य तू लक्षात ठेवू नकोस) आणि १९०४ साली वारला. आपलं घर, जमीन आणि पैसा त्याने गावाला बाग व्हावी आणि बागकामाचं शिक्षण मिळावं यासाठी ठेवला.

मृत्युपत्र म्हटलं की आपल्याकडे जे होतं ते तिथेही झालं. शाळा काढायची की संशोधन करायचं, यावर धर्मादाय आयुक्त, शेतीखातं आणि विश्वस्त यांचा खल चालला. माळी तयार करणाऱ्या शाळा आधीच होत्या. झाडाचे गुण पुढच्या पिढीत कसे उतरतात हे शोधणारी जागा नव्हती. शेवटी १९१० साली मर्टनला जॉन इनस हॉर्टिकल्चरल इन्स्टिट्यूशन उभी राहिली. लंडनच्या भाड्याच्या पैशातून आनुवंशिकीची संस्था! विश्वस्त मंडळावर डेव्हिड प्रेन होते. ते आधी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते, म्हणजे आपल्याकडचं पाणी प्यालेला माणूस.

पहिला संचालक विल्यम बेटसन. बाबा, "अजून पर्मनंट नाही?" असं तुम्ही दर फोनला विचारता ना, म्हणून याचं मुद्दाम सांगते. जेनेटिक्स हे नाव या शास्त्राला त्यानेच १९०५ साली दिलं. पण तो स्वतः केंब्रिजमध्ये कॉलेजच्या स्वयंपाकघराचा कारभार बघून पोट भरत होता. प्रयोग चालायचे घराच्या परसात. कोंबड्या आणि वाटाणे, नोंदी ठेवायला बायको बिअॅट्रिस, मदतीला न्यूनहॅम कॉलेजच्या बायका. त्या बायकांना केंब्रिज पूर्ण पदवी देत नव्हतं, ती १९४८ साली द्यायला लागलं. पैसा म्हणाल तर रॉयल सोसायटीचं किरकोळ अनुदान आणि ओळखीपाळखीच्यांची मदत. १९०८ साली प्राध्यापकपद मिळालं तेही पाचच वर्षांचं. पन्नाशी जवळ आली तेव्हा मर्टनला खरी नोकरी लागली. तो केंब्रिज सोडून गेल्यावर, १९१२ साली, केंब्रिजला आनुवंशिकीचं पक्कं अध्यासन झालं. देणगी देणाऱ्याने स्वतःचं नाव सांगू दिलं नव्हतं. त्यामानाने माझं बरंच बरं चाललंय.

आज पैसा येतो तो मुख्यतः सरकारच्या संशोधन मंडळाकडून. इनसच्या मालमत्तेतून झालेला न्यास वेगळा आहे, तो विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांना वगैरे हात देतो. संस्था मर्टनहून हर्टफर्डशरला गेली, १९६७ साली इथे नॉर्विचला आली. दोन महायुद्धं पाहून झाली. तेव्हा ती उद्या बंद पडेल ही भीती काढून टाका. माझी जागा एका प्रकल्पावरची आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याबद्दल शेवटी.

दिवसभर करते काय, तर आजी म्हणते तसं "वाटाणे निवडते". खोटं नाही. वाटाण्याची कळी उमलायच्या आधी चिमट्याने उघडायची. आत दहा पुंकेसर असतात, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. ते एकूण एक उपटायचे, एकही मागे राहता कामा नये, मग दुसऱ्या झाडाचा पराग टेकवायचा आणि देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची. हात थरथरला की कळी गेली. बाबा, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात मोहोरावर पिशव्या बांधलेल्या बघायला तुम्ही मला न्यायचात, तेच हे काम. नीलमवर हापूस घालून तिथे रत्ना केला, १९८१ साली लावायला दिला, आणि आपल्या विहिरीकडच्या रत्नात साका, म्हणजे गरातला खराब भाग, निघत नाही म्हणून तुम्ही पाहुण्यांना फळ कापून दाखवता. कुणीतरी बसून मोहोरातलं एकेक फूल हाताळलं होतं म्हणून ना?

तुम्हाला आवडेल असं अजून एक. मर्टनच्या आणि केंटमधल्या ईस्ट मॉलिंगच्या लोकांनी मिळून सफरचंदासाठी खुंट तयार केले, लोकरी मावा ही कीड लागू नये म्हणून. त्यांचं नाव मॉलिंग-मर्टन. हिमाचलातले बागायतदार एमएम १०६ आणि १११ वर कलम बांधतात ते हेच. मर्टनमध्ये आता संस्था नाही, पण तिचा खुंट सिमल्यात उभा आहे. कोय कलम बांधताना तुम्ही खुंटाची निवड केवढी करता ते मी इथे सगळ्यांना सांगितलंय. माझ्या वरिष्ठ बाईंनी वहीत लिहूनसुद्धा घेतलं.

आता आजीसाठी. मागे फोनवर मी म्हटलं, दुकानातून मातीची पिशवी आणली, तर ती केवढी हसली. "माती इकत घेतत? खुळी झाली काय ती माणसां?" आजी, खरंच विकत घेतात. मॉलच्या बाहेर प्लास्टिकच्या पिशव्यांची थप्पी असते, आणि मोटारीतून आलेली माणसं तांदूळ न्यावा तशी माती घेऊन जातात. त्या पिशवीवर नाव काय असतं? जॉन इनस! नंबर एक, दोन, तीन. एक नंबर लहान रोपाला, दोन त्याहून मोठ्याला, तीन मोठ्या भुकेल्या झाडाला, कारण प्रत्येक नंबरला खताचा डोस वाढत जातो.

याचं असं झालं. १९३० च्या दशकात मर्टनला प्रिम्युला नावाच्या फुलझाडाची रोपं मरायला लागली. प्रयोगाचीच रोपं मेली तर आनुवंशिकी कशावर करणार? तेव्हा प्रत्येक माळ्याची मातीची कृती वेगळी, आणि ती तो दुसऱ्याला सांगत नसे. विल्यम लॉरेन्स आणि जॉन न्यूवेल यांनी काही वर्षं बसून एकच कृती पक्की केली. गवताची ढेपं उलटी रचून महिनोन्‌महिने कुजवलेली माती, ती वाफेवर तापवायची, म्हणजे कीड, बुरशी, तणाचं बी मरतं. अशा मातीचे सात भाग, दलदलीतलं कुजलेलं शेवाळ म्हणजे पीट त्याचे तीन, जाड वाळू दोन. त्यात थोडा चुना, आणि खत म्हणून सुपरफॉस्फेट, पोटॅश आणि खूर-शिंगांची भुकटी. (आजी, ती भुकटी मी हातमोजे घालून हाताळते.) आणि मग ही कृती त्यांनी छापून सगळ्यांना देऊन टाकली. ना पेटंट, ना हक्काचे पैसे. मालवणी मसाला कुणीही करावा आणि मालवणी म्हणून विकावा, तसं कुठलीही कंपनी ही माती करते आणि जॉन इनस म्हणून विकते. संस्थेला त्यातून पैसा मिळत नाही. युद्धात लोकांनी परसात भाज्या लावल्या तेव्हा ही माती घरोघर गेली. आता पीट उपसू नये म्हणतात, दलदली संपतात म्हणून, तेव्हा कृती परत बदलतेय. मला विचाराल तर इनसचं सगळ्यात मोठं काम ही पिशवीच. शोधनिबंध वाचणारे थोडे, आणि इथल्या कुठल्याही म्हातारीला बेटसन कोण ते माहीत नसतं, पण "इनस नंबर दोन आण" हे नवऱ्याला सांगता येतं. आणि हसू नकोस गो आजी, आपण चवथीला शाडूची माती विकतच आणतो.

एकटी मुलगी परदेशात, असं काकू कुणाकुणाला सांगत असतात, तर त्यांना जानकी अम्मल यांचं नाव सांगा. तलश्शेरीच्या. कोइमतूरला उसावर काम केलं, मग १९४० साली मर्टनला या संस्थेत आल्या आणि लंडनवर बॉम्ब पडत होते त्या वर्षांत सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं मोजत बसल्या. संस्थेचे तेव्हाचे संचालक डार्लिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी लागवडीखालच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा मोठा ग्रंथ केला, १९४५ साली. पुढे नेहरूंनी बोलावलं म्हणून परत गेल्या. परत जातात माणसं, बाबा. बेटसनने १९१० साली सुरू केलेलं जर्नल ऑफ जेनेटिक्ससुद्धा गेलं. आनुवंशिकीचे शास्त्रज्ञ हाल्डेन या संस्थेत दहा वर्षं होते, ते १९५७ साली हिंदुस्थानात आले आणि येताना मासिकही घेऊन आले. आता ते बंगळूरहून निघतं.

इथून पुढे आजीला वाचू नका.

माझ्या जागेची मुदत पुढच्या मार्चला संपत होती. ती वर्षभराने वाढलीय, पत्र आलं. फोनवर सांगितलं नाही, कारण आई लगेच "म्हणजे अजून एक वर्ष" म्हणाली असती, आणि ते मला ऐकवलं नसतं.

त्याच कारणाने चवथीला येता येणार नाही. रोपं नेमकी तेव्हाच फुलावर असतील, आणि दुसऱ्याच्या हाती द्यायची नाहीत. गणपतीवरची माटवी बांधायला मनू आहे, पण तिला एकटीला ओढायला लावू नका. वाडीतल्या मुलांना सांगा. मी त्या दिवशी रजा टाकलीय, आरतीच्या वेळी फोन लावून ठेवा. नुसता ठेवा, बोलायला नको कुणी.

मनूचं स्थळ माझ्यामुळे अडवू नका. कुडाळची माणसं चांगली आहेत, मुलगा तिला आवडलाय, तिनेच मला सांगितलं. मोठीचं व्हायच्या आधी धाकटीचं कसं, हे आत्या म्हणतात, पण आत्यांना चार दिवस बोलायचं आहे आणि मनूला जन्म काढायचा आहे. माझं म्हणाल तर ठाण्याच्या स्थळाला नाही कळवा. कारण विचारलं तर माझं नाव पुढे करा, तुम्ही वाईटपणा घेऊ नका. दुसरं कुणी आहे का, असं आई विचारेल. असलं तर मी सांगेन.

पैसे या महिन्यात थोडे जास्त टाकलेत. त्यातून बँकेचा हप्ता भरा, उरतील ते मनूच्या दागिन्यांना. इथे मला काही कमी पडत नाही. घरात दोघी मुली आहेत, भाडं वाटून जातं.

आणि रस्त्याकडची काजूची बाग. मोपाचा विमानतळ झाल्यापासून दलाल दारात येऊन बसतात हे मला माहीत आहे. माझ्या शिक्षणाच्या कर्जासाठी ती विकायचं तुमच्या मनात आहे, हे आईने सांगितलं. ते कर्ज माझं आहे. दोन वर्षांत फिटेल. तुम्ही म्हणाल, तुझ्या त्या इनसने तरी काय केलं, जमिनीचाच पैसा केला ना? केला. पण त्याला मागे कुणी नव्हतं. तुम्हाला आम्ही दोघी आहोत, आणि ती वेंगुर्ला चार जातीची काजूची झाडं मी तुमच्याबरोबर लावलेली आहेत.

आजीला नमस्कार. बाबा, गुडघ्याची गोळी जेवल्यावर घ्या, आधी नाही.

तुमची,
ताई

ता. क. दलालाकडून टोकन घेऊन बसला असाल तर मनूकडून आधी कळवा. रागावणार नाही. परत द्यायचे पैसे पाठवीन.