दिनूस पत्र : 1967 ची रायफल

कोलंबस, ओहायो
10 नोव्हेंबर 2024

प्रिय दिनू यास,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे वडील, आपले अण्णा, गेले तेव्हा मी तुला व्हॉट्सअॅपवर दोन ओळी पाठवल्या आणि त्यानंतर सात महिने तोंड लपवून बसलो. त्याबद्दल काय बोलायचे ते बोलून घे, मी ऐकून घेईन. माझी प्रकृती ठीक आहे. साखर जरा वाढली आहे, गोळी चालू आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण मात्र निराळे आहे, आणि ते इथे कोणाला सांगून कळण्यासारखे नाही.

शनिवारी, 2 तारखेला, शेजाऱ्याला काडतुसे घ्यायची होती, म्हणून त्याच्या सोबतीने मी एका बंदुकीच्या दुकानात गेलो. मागच्या भिंतीशी निरनिराळ्या देशांच्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली ओळीने उभ्या केल्या होत्या. त्यांत रशियन मोसिन-नागां होत्या. पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्या ग्रीज माखलेल्या स्थितीत शंभर डॉलरांच्या आत मिळत; आता त्यांनाही भाव आला आहे. या रांगेच्या टोकाला मला एक ओळखीचे नाक दिसले. नळीच्या तोंडापर्यंत लाकूड आणि पुढे ते बसके, बोथट नाक! मी ती उचलून उजेडात धरली, तर दस्त्याच्या मुळाशी लोखंडावर ‘आर. एफ. आय., 2ए1, 1967’ असे कोरलेले. इछापूरची रायफल फॅक्टरी, दिनू! हुगळीच्या काठावर घडलेली, तुझ्यामाझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी असलेली ही बाई ओहायोतल्या दुकानात गळ्यात किमतीची चिठ्ठी अडकवून उभी होती, आणि नळीवर तिला इकडे आणणाऱ्या आयातदाराचे नाव असे वेडेवाकडे ठोकले होते, जसे आपल्याकडे हळदीकुंकवाला मिळालेल्या भांड्यावर ठोकतात.

आणि मग माझे हात माझे राहिले नाहीत. मी ती काउंटरवर ठेवायला गेलो आणि नकळत कवायतीतले ‘बाजू शस्त्र’ करून, म्हणजे ती पायाशी टेकवून, टाचा जुळवून उभा राहिलो. दुकानदार म्हातारा गृहस्थ आहे. “सैन्यात होता काय?” असे त्याने विचारले. मी नाही म्हणालो, आणि एनसीसी म्हणजे काय हे त्याला समजावण्याच्या भानगडीत पडलो नाही.

तू लगेच म्हणशील की आपण खांद्यावर वाहिली ती .303 होती, ही नव्हे. मान्य आहे. दिसायला ती तीच असली तरी हिचे काडतूस 7.62 मिलिमीटरचे आहे. 1962 च्या युद्धात आपले जवान .303 घेऊन लढले. त्यानंतर एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी नवी रायफल, सगळ्यांच्या हाती पोचेपर्यंत तिचेच 7.62 चे नवे काडतूस चालेल अशी ही बोल्टची रायफल इछापूरने जुन्याच आराखड्यावर काढली. जुन्या .303 ची नळी बदलून ही केली आहे, असे इथे बरेच लोक छातीठोकपणे सांगतात, पण ते खरे नाही. वाढीव दाब सोसण्यासाठी ती सुधारित पोलादाची, नव्याने घडवलेली आहे. बोल्ट पुढे ढकलताना शेवटच्या इंचाला हाताला जो अडसर लागतो, तो मात्र हुबेहूब तोच आहे.

किंमत 375 डॉलर सांगितली. नव्या रायफली हजाराच्या घरात जातात, त्या मानाने स्वस्तच. माझ्यासाठी दोन आठवडे, म्हणजे येत्या शनिवारपर्यंत, बाजूला काढून ठेवतो, असे दुकानदार म्हणाला. तेव्हापासून आठ दिवस मला धड झोप नाही.

कायद्याची अडचण म्हणशील, तर तीही नाही. एच-1बी व्हिसावर होतो तेव्हा शिकारीच्या परवान्यासारखी पळवाट काढल्याशिवाय हे जमले नसते. आता ग्रीन कार्ड आहे. 4473 क्रमांकाचा अर्ज भरायचा, दुकानदार एफबीआयकडे चौकशी करतो, आणि सगळे सुरळीत असेल तर माणूस रायफल घेऊन घरी जातो. परवा मंगळवारी इथे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. मला मत देता आले नाही, पण रायफल घेता येते. गंमत अशी की सरकारी गारंड रायफली नेमबाजांना विकणारी जी संस्था आहे, ती मात्र नागरिकत्व मागते. तुमच्याकडे येत्या 20 तारखेला मतदान आहे, म्हणजे अण्णांची ठासणीची बंदूक पुन्हा ठाण्यात जमा झाली असणार. तिचा परवाना तुझ्या नावावर झाला का? कुडाळला किती खेपा घातल्यास? वालीच्या शेंगा अजून डुकरांच्या तोंडून वाचत आहेत का, तेही कळव.

घोडे अडले आहे ते निराळ्याच ठिकाणी. पहिली गोष्ट, बोल्टवरचा आकडा आणि रायफलीवरचा आकडा जुळत नाही. सैन्यातल्या कोणत्या तरी आर्मररने, म्हणजे शस्त्रे दुरुस्त करणाऱ्याने, कधीतरी बोल्ट बदललेला आहे, त्यामुळे गेज लावून तपासून घेतल्याशिवाय ती उडवणे धोक्याचे. शिवाय दुकानात मिळणारे .308 चे काडतूस हिला चालते की नाही, यावर इथले जाणकार आपण क्रिकेटवर भांडायचो तसे भांडतात. तिच्यासाठी कुलपाचे लोखंडी कपाट घ्यायचे म्हटले तर ते रायफलीपेक्षा महाग. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शिकार मी करणार नाही. इथून दोन तासांवर, ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाचे मैदान आहे. तिथे 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा होतात आणि जुन्या लष्करी रायफलींसाठी वेगळी स्पर्धाही असते. तिथे जाईन, असे मी स्वतःला सांगतो. पंचावन्नाव्या वर्षी, चाळिशीचा चष्मा लावून मी कोणती दुरुस्त सिस्त, म्हणजे अचूक नेम, घेणार आहे, हे तूच सांग.

(बेळगावच्या रेंजवर पाच गोळ्यांच्या ग्रुपिंगला माझ्या टार्गेटवर सहा भोके निघाली आणि तुझ्या टार्गेटवर चार, तेव्हा आपल्याला शिकवणाऱ्या उस्तादांनी माझी उत्तम पाच धरली, यात माझा काय दोष होता? तू तीन दिवस बोलला नाहीस आणि माझ्या मेसटिनमध्ये मूठभर मीठ ओतलेस. त्यातले कोणते भोक तुझे, हे मला आजही ठाऊक नाही. तुलाही ठाऊक नाही, पण तू कबूल करणार नाहीस.)

नीलाने विरोध केला असता तर बरे झाले असते. भांडून तरी निकाल लागला असता. तिने फक्त “ठेवणार कुठे?” एवढेच विचारले आणि ती डब्यांची झाकणे लावत राहिली. जेवताना मी अद्वैतला मोठ्या उत्साहाने आपल्या ड्रिलच्या गोष्टी सांगितल्या. आपल्या रायफलींवर पांढरे पट्टे असत आणि त्या ‘डीपी’ म्हणजे निव्वळ कवायतीच्या असत, त्यांतून गोळी सुटणेच शक्य नव्हते, आणि तरीही नळी कोणाकडे वळली तर उस्ताद मैदानाला चक्कर मारायला लावत. त्याने सगळे ऐकून घेतले. मग तो त्याच्या शाळेतले ड्रिल सांगू लागला, बंदूकवाला घुसला तर लपून बसण्याचे. बालवाडीपासून ते वर्षातून काही वेळा होते. दिवे घालवायचे, दाराला कडी लावायची, दाराच्या काचेतून दिसणार नाही अशा भिंतीशी बसायचे आणि श्वाससुद्धा ऐकू येऊ द्यायचा नाही. तिसरीत असताना अशाच वेळी त्याला शिंक आली, आणि ती दाबता दाबता त्याच्या नाकातून रक्त आले. हे आम्हाला परवा कळले, आठ वर्षांनी. तेव्हा शाळेने हवा कोरडी असल्याचे कारण सांगितले होते. एवढे सांगून झाल्यावर त्याने वरणाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि “बाबा, तुमची रायफल खोटी होती, मग तुम्ही घाबरायचात कशाला?” असे विचारले. मला उत्तर सुचले नाही.

त्या रात्री मला अण्णा आठवले. डुकरांच्या पाळतीवर रात्रभर बसून ते पहाटे परतत, तेव्हा अंगणाच्या कडेला आभाळाकडे बार काढूनच पायरी चढत. तुझ्या आईची रोज झोपमोड व्हायची, एकदा तिने दारू फुकट जाते म्हणून कटकट केली, तेव्हा ते म्हणाले होते, “भरलेली घरात हाडूची नाय,” म्हणजे आणायची नाही. त्यानंतर ती बंदूक माजघरात खुंटीला लागायची आणि आपण तिच्याखाली पत्ते खेळायचो. माझ्या कल्पनेत इछापूरची रायफल तशीच दिवाणखान्यात लावलेली असते. पण अण्णांची बंदूक भरायला पाच मिनिटे लागत आणि हिला पाच सेकंद पुरतात, शिवाय इथे काडतुसे किराणा घ्यावा तशी मिळतात.

दुकानदाराला विचारून मी तिचा स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आपटणारी टोचणी, कापून घेऊ शकतो, म्हणजे तिची ‘डीपी’ करू शकतो. हा विचार मला तीन दिवस फार आवडला. चौथ्या दिवशी वाटले, सत्तावन्न वर्षे धडधाकट राहिलेल्या इछापूरच्या त्या रायफलीला मी एका संध्याकाळच्या आठवणीसाठी लुळी करणार आहे, आणि मग मला तुझा चेहरा दिसला, मीठ ओतताना होता तसा.

म्हणून विचारतो. घेऊ की नको? कारणे देऊ नकोस, ती माझ्याकडे भरपूर आहेत. वहिनींचा गुडघा कसा आहे? धाकटीच्या परीक्षेचे काय झाले? अण्णांच्या वर्षश्राद्धाला एप्रिलमध्ये येण्याचा प्रयत्न करतो.

आईस शि. सा. नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
वसंत

ता. क. या पत्राचा फोटो तुला पाठवतो आहे, उत्तरही लेखीच दे. फोन करू नकोस. नीला हल्ली स्पीकरवर घेते. शुक्रवार रात्रीपर्यंत तुझे काही आले नाही, तर तू अजून त्या सहाव्या भोकावर रागावलेला आहेस असे मी समजेन.