ताईस पत्र : पिल्लांना काय घालतेस ते आधी बघ

रामबाग, इंदूर
आषाढ

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस की आईपासून तोडलेली डुकराची पिल्लं दिवसभर खातात, पण अंगाला काही लागत नाही. पोटं सुटलीत, पाठीचा कणा दिसतो, हगवण थांबत नाही. दुकानदाराने जंताचं औषध पुन्हा दिलंय. बेटा, ते तूर्त बाजूला ठेव. बोलता बोलता तू एक गोष्ट सांगितलीस आणि पुढे निघून गेलीस, मी मात्र तिथेच अडलो. घरचं सोयाबीन कच्चंच दळून मक्यात मिसळते आहेस, असं म्हणालीस ना? मला मूळ तिथेच दिसतं.

माळव्यात घरोघरी सोयाबीनची पोती असतात. पेरणी झाल्यावर मागच्या वर्षीचं उरलेलं जनावरांपुढे जातं. गायी-म्हशींना थोडंफार चालून जातं, म्हणून डुकरांनाही चालेल असं वाटतं. नोकरीत असताना गावोगाव मी हे पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारं द्रव्य असतं. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातला, प्रथिनं पचवणारा घटक. तो अडला की प्रथिनं न पचताच पुढे सरकतात, मोठ्या आतड्यात कुजतात आणि हगवण लागते. सोयाबीनमध्ये 38 ते 40 टक्के प्रथिनं असतात, पण त्यातलं पिल्लाच्या वाट्याला फार थोडं येतं. मोठ्या गाभण मादीला कच्चं थोडं पचतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला नाही.

भाजलं की हे द्रव्य मोडतं. तापलेल्या वाळूत, फुटाणे भाजतात तसं, थोडं थोडं घालून भाज. साल तडकलं, दाणा आतपर्यंत सोनेरी झाला आणि कच्चा वास गेला की लगेच उतरव. करपवू नकोस, कारण जास्त भाजलं तर लायसीन हा प्रथिनातला गरजेचा घटक नासतो, आणि मक्यात नेमकी त्याचीच वानवा असते. खरं विचारशील तर मी तुला भाजण्याच्या खटाटोपात पडू देणार नाही. घरचं सोयाबीन विकून टाक आणि छावणीच्या मंडीतून डीओसी, म्हणजे तेल काढलेली सोयाबीनची पेंड, आण. तेल काढल्यावर ती पेंड कारखान्यातच वाफेवर भाजलेली असते आणि प्रथिनं 45 टक्क्यांच्या आसपास भरतात.

शंभर किलो खाद्याला भरडलेला मका 58 किलो, डीओसी 25, गव्हाचा चोकर (कोंडा) साडेचौदा, खनिज मिश्रण 2 आणि मीठ अर्धा किलो. यात 18 टक्क्यांच्या वर प्रथिनं बसतात. पुढे पिल्लं चाळीस किलोच्या वर गेली की डीओसी हळूहळू 15 किलोवर आण आणि तेवढा चोकर वाढव. खाद्य एकदम बदलू नकोस. जुन्यात नवं मिसळत आठवडाभर घे, नाहीतर हगवण आणखी वाढेल. पुढच्या वेतापासून मात्र दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच, दूध पीत असताना, पिल्लांपुढे कोरडं खाद्य थोडं थोडं ठेवत जा. पोटाला आधीच सवय झाली की आईपासून तोडताना एवढी आबाळ होत नाही.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. नमकीनच्या कारखान्यातून शेवेचा चुरा स्वस्तात मिळतो, तो तू घालतेस. बंद कर. त्यात मीठ भरपूर, आणि जुन्या तेलाला खवट वास येतो. डुकराला मीठ बाधतं ते पाणी कमी पडलं की. नळ बंद पडला, टाकी रिकामी राहिली, आणि पोटात तो चुरा असला तर जनावर आंधळ्यासारखं भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, गोल गोल फिरतं, झटके येतात. असं दिसलं तर एकदम पोटभर पाणी पाजू नकोस, त्याने मेंदूची सूज वाढते. थोडं थोडं दे आणि लगेच डॉक्टरांना बोलाव. एरवी पाणी रात्रंदिवस समोर हवं. दूध पाजणाऱ्या मादीला दिवसाला वीस लिटरसुद्धा लागतं. पाणी नसलं की ती खात नाही, आणि खाल्लं नाही की दूध आटतं.

हॉटेलातलं उरलेलं अन्न आणायचा विचार तू बोलून दाखवलास. माझं मत स्पष्ट आहे, आणू नकोस. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा जीवघेणा साथीचा रोग 2020 मध्ये आपल्या देशात शिरला आणि 2022 मध्ये आपल्याच राज्यात रीव्याला डुकरं मेली. मांसाच्या तुकड्यातून तो विषाणू सहज येतो आणि त्यावर औषध नाही. कधी नाइलाजाने आणलंसच तर ढवळत ढवळत तासभर उकळल्याशिवाय गव्हाणीत ओतू नकोस.

पावसाळा आहे, मक्याची पोती भिंतीपासून लांब, फळ्यांवर ठेव. हिरवट-काळी बुरशी धरलेला दाणा निवडून वापरायचा लोभ नको. त्या बुरशीचं विष यकृतावर बसतं. पोतंच टाकून दे.

आणि गव्हाण मोज. प्रत्येक पिल्लाला वीतभर तरी जागा हवी. धिप्पाड पिल्लं कोवळ्यांना ढकलतात, मग एकाच वेतातली काही दुप्पट दिसतात आणि काही खुरटतात. बारकी वेगळ्या कप्प्यात घाल. शेडमध्ये जागा असेल तर डुक्कर आपणहून एका कोपऱ्यात घाण करतं आणि खाण्याची जागा स्वच्छ ठेवतं. आत्या काय बोलते ते मनावर घेऊ नकोस. तिने हे जनावर जवळून पाहिलेलं नाही. मला तुझ्या कामाचा अभिमान आहे आणि तो मी तिलाही सांगतो.

नवं खाद्य सुरू करण्याआधी सगळ्या पिल्लांची वजनं घेऊन वहीत लिही, मग दर आठवड्याला त्याच वारी, सकाळी उपाशीपोटी घे. एखादं पिल्लू दगावलं तर पुरून टाकू नकोस, महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन दाखव. डीओसी घ्यायला तू येणार असशील तर आदल्या दिवशी कळव, मी मंडीत तुझ्याबरोबर येईन.

तुझे बाबा