तंटामुक्ती बैठक : रविवारी सकाळी ८ वाजता, मारुतीच्या पारावर

समितीच्या सर्व सदस्यांना नमस्कार.

विषय तोच, धुऱ्यावरची बाभूळ तोडल्याचा. दोन्ही घरं यायला तयार झाली हेच मोठं. पोळ्यापासून बोलणं बंद आहे.

– सगळे सतरंजीवर गोल बसू. खुर्ची कोणालाच नाही, अध्यक्षांनाही नाही.
– ज्याचं नुकसान झालं तो आधी बोलेल. मध्ये तोंड घालू नये.
– भरपाई कशी करायची ते दोघांनीच ठरवायचं. दंड लावायचा अधिकार आपल्याला नाही.
– मोबाईलवर शूटिंग नको. मागच्या वेळी त्यानेच भडका उडाला.

रजिस्टरात ‘तंटा मिटला’ लिहायची घाई नको. तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून चालू आहे, आणखी दोन बैठका लागल्या तरी चालेल.

बायांवरच्या अत्याचाराची तक्रार मात्र पारावर आणू नका, ती थेट पोलिसात.

– निमंत्रक